घड्याळजींचा नाच

घड्याळजी आयुष्यात एकदाच नाचले, आणि नेमकं तेच त्यांना आठवत नव्हतं.

एरवी नाचाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. स्वतःच्या लग्नात मित्रांनी दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा ते खुर्चीसकट अर्ध्या हॉलपर्यंत ओढले गेले, पण खुर्ची त्यांनी सोडली नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर सहा बाय आठ फुटांचं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तिथे तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाचे पाय म्हणजे घरून दुकानात आणि दुकानातून घरी नेणारं एक साधन, एवढंच. हात मात्र असे, की तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरला तर स्क्रूला डुलकी लागावी.

अशा माणसाने भर तलावात, हलत्या होडीत, दोन बाटल्या बिअर पिऊन उभं राहून नाच केला, आणि शिडाची आडवी दांडी डोक्यात बसून सात टाके घालून घेतले. ही गोष्ट गेलं वर्षभर सगळ्या नात्यागोत्यात फिरत होती. ज्या घरी जावं तिथली पोरं विचारायची, "काका, कसं नाचलात ते दाखवा ना." काका टोपी जरा पुढे ओढायचे आणि चहाचा कप तोंडाला लावायचे.

शरम तर वाटायचीच. पण मनाच्या अगदी तळाशी, भिंगातूनच दिसेल एवढं, थोडं कौतुकही होतं. आपल्या आत कुणीतरी नाचणारा राहतो, हे त्यांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं होतं. एकदा दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, रेडिओ लावून त्यांनी दोन पावलं टाकूनही पाहिली. तिसऱ्या पावलाला कोपर भिंतीवरच्या घड्याळाला लागलं, आणि ते दुरुस्त करण्यात संध्याकाळ गेली.

ही गोष्ट जगाला सांगितली ती त्यांच्या थोरल्या साडूंनी. घड्याळजींच्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. तलावावरच्या क्लबात त्यांना सगळे कप्तान म्हणत. नोकरी विमा कंपनीत. गाडी गाडीवर आदळली की चूक कुणाची हे ठरवणं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. बोलणं असं, की ज्याची गाडी चेपली तोच माणूस शेवटी "माफ करा साहेब" म्हणत बाहेर पडायचा. कप्तान बोलायचे आणि घड्याळजी ऐकायचे. वीस वर्षं दोघांचं उत्तम जमलं होतं, कारण कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती.

दोघांची मिळून एक शिडाची होडी होती. दोन माणसांची, जुनी, पण हाडापेराने मजबूत. दर रविवारी दोघं ती तलावात घालायचे. एका रविवारी सुकाणू याच्याकडे, पुढच्या रविवारी त्याच्याकडे. ज्याच्या हातात सुकाणू, त्याने थेंबही घ्यायचा नाही. पुढे बसणाऱ्याने वाटलं तर एक बाटली बिअर घ्यावी आणि पाण्याकडे बघत बसावं. हा नियम कप्तानांनी केला होता आणि घड्याळजींनी पाळला होता. सुकाणूच्या दिवशी ते खोकल्याचं औषधसुद्धा घेत नसत. "त्यातही असतं थोडं," म्हणायचे, आणि तलावभर खोकत होडी चालवायचे.

होडी वळवायचीही एक रीत होती. सुकाणूवरच्याने हाक द्यायची, "फिरवतोय." पुढच्याने डोकं खाली घालून म्हणायचं, "फिरव." हे उत्तर आलं की मगच सुकाणू वळवायचं, कारण वारा पाठीवर असताना ती आडवी दांडी या बाजूची त्या बाजूला अशी काही झपकन येते, की मध्ये कुणाचं डोकं आहे याची ती चौकशी करत नाही.

त्या रविवारी सुकाणू कप्तानांकडे होतं. सकाळी होडी पाण्यात ढकलली इथपर्यंत घड्याळजींना आठवत होतं. त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. मधलं सगळं कप्तानांनी सांगितलं. "दोन बाटल्या घेतल्यास. मी म्हटलं, बस झालं. ऐकशील तर शपथ. उभा राहिलास आणि कंबरेवर हात ठेवून नाचायलाच लागलास. मी हाक दिली, दोनदा दिली. तू आपला तुझ्या तालात."

घड्याळजींनी डोक्याला पट्टी असताना क्लबच्या अपघातवहीत सही केली. मजकूर कप्तानांनी लिहिलेला होता, आणि इतका सुबक होता की सही न करणं उद्धटपणाचं दिसलं असतं. क्लबाने त्यांना एक वर्ष सुकाणू बंद केलं. "मी समितीशी बोललो म्हणून वर्षावर भागलं," कप्तान म्हणाले. "काढूनच टाकत होते तुला." घड्याळजींचे डोळे भरून आले. त्यांनी बिअर सोडली ती कायमची, आणि ताईंच्या घरचं बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ आठवडाभर खपून चालू करून दिलं.

त्या सुबक मजकुरामुळेच क्लबाने पुढे कप्तानांना सुरक्षाप्रमुख केलं. गळ्यात शिट्टी आली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते नव्या सभासदांचा वर्ग घेऊ लागले. विषय: पाणी आणि दारू. वर्गाच्या शेवटी घड्याळजींनी पुढे यायचं, टोपी काढायची आणि टाके दाखवायचे. कप्तान नाचाची गोष्ट सांगायचे, माणसं पोट धरून हसायची, मग टाके बघून गप्प व्हायची. घड्याळजी हे प्रायश्चित्त म्हणून करत होते. दहा महिन्यांत त्यांनी एकही वर्ग चुकवला नव्हता.

शिक्षा संपायला चार आठवडे राहिले होते, तेव्हाची गोष्ट.

रविवार सकाळ, वारा गार, आणि एक मोठी लाट पुढच्या बाजूने आत येऊन घड्याळजींना गळ्यापर्यंत भिजवून गेली. दात वाजायला लागले. मागे सुकाणूवर कप्तान, दोन्ही हात कामात. पुढच्या खणात त्यांची पिशवी होती, आणि पिशवीत तो स्टीलचा थर्मास. त्यात ताईंनी दिलेला काढा असायचा. कप्तानांच्या पोटासाठी. वर्षानुवर्षं दर रविवारी तो थर्मास होडीत यायचा, पण घड्याळजींनी त्याची चव कधी घेतली नव्हती. "तुझ्याच्याने नाही गिळवणार तो," कप्तान म्हणायचे. "विषासारखा कडू."

त्या दिवशी थंडीच अशी होती की विषही चाललं असतं. घड्याळजींनी झाकण फिरवलं आणि मोठा घोट घेतला.

आलं होतं. लवंगही होती. बाकी सगळी रम होती.

तोंडात घोट तसाच धरून ते बसून राहिले. थुंकावं तर पाण्यात थुंकायची त्यांना सवय नव्हती. शेवटी गिळला. छातीतून तो खाली जाईपर्यंत त्यांच्या मनात एकच हिशेब चालला होता, आणि हिशेबात ते पक्के होते.

"साडूभाऊ," ते वळून म्हणाले, "हा काढा कधीपासून?"

कप्तानांनी थर्मासकडे पाहिलं आणि हसले. "चव घेतलीस का शेवटी. अरे, थंडीपुरता असतो थोडा."

"त्या दिवशी थंडी नव्हती."

"कुठल्या दिवशी?"

"माझ्या डोक्याच्या दिवशी."

कप्तान शिडाकडे बघायला लागले. शिडात बघण्यासारखं काही नव्हतं.

"हाक दिली होती तुम्ही?"

"दिली असेल की."

"असेल?"

"वर्ष झालं रे. एवढं कोण लक्षात ठेवतो."

"दोनदा दिली म्हणाला होतात. मी लक्षात ठेवलंय." घड्याळजींचा आवाज चढला नव्हता. घड्याळ उघडल्यावर आतला गंज दिसला की ते गिऱ्हाइकाशी याच आवाजात बोलत. "मी नाचत होतो?"

"उभा होतास."

"कशाला?"

कप्तान म्हणाले, "काठ जवळ आलाय म्हणून सांगत होतास. ओरडत होतास. मला वाटलं, उगाच घाबरतोयस. मग एकदम खडक दिसले, आणि मी फिरवलं."

"आणि बिअर?"

"एक होती. तीही अर्धी राहिली होती तुझी."

घड्याळजी उठले आणि वाकून, डोकं सांभाळत मागे गेले. त्यांना सुकाणू काढून घ्यायचं होतं. हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला, कारण त्यांच्या पोटात आत्ताच रमचा घोट गेला होता. नियम म्हणजे नियम. म्हणजे या क्षणी होडीत दोन माणसं होती आणि सुकाणू धरायला दोघांपैकी एकही लायक नव्हता.

त्यांनी शीड उतरवलं. मग खणातून वल्हं काढलं आणि वल्हवायला लागले. वल्ह्याबद्दल नियमात काही नव्हतं.

"अरे, असं काय करतोस," कप्तान म्हणाले. "तासभर लागेल."

तासापेक्षा जास्त लागला. धक्क्यावरच्या मंडळींनी शिडाची होडी भर वाऱ्यात वल्हवत येताना पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "घड्याळजी, आज नाच नाही का?" घड्याळजींनी दोर बांधला, गाठ दोनदा तपासली, आणि ओल्या कपड्यांनिशी घर गाठलं.

बायको स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. त्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. आजवर ते एका दमात इतकं बोलले नव्हते. तिने सुरी खाली ठेवली, पण एकदाही "काय सांगता" म्हणाली नाही. "खरंच?" म्हणाली नाही. घड्याळजी अर्ध्यातच थांबले.

"तुला माहीत होतं."

ती पदराला हात पुसत राहिली. कोरडे होते तरी पुसत राहिली. "ताईनं दवाखान्यातच सांगितलं. रडत होती. भाऊजींचं नाव खराब होईल म्हणाली, ऑफिसात कळलं तर दुसऱ्यांच्या चुका काढायला कुठल्या तोंडानं जातील. तुमचं काय, दुकान आपलं आहे, कोण विचारतंय, असं म्हणाली."

"आणि तू हो म्हणालीस."

"मी म्हटलं, तुम्ही जरा बरे झालात की सांगेन. डॉक्टर म्हणाले होते, डोकं शांत ठेवा. मग भाऊजी आले आणि त्यांनी ती नाचाची गोष्ट सांगितली. तुम्ही हसलात हो. पाच दिवसांत पहिल्यांदा हसलात. 'मी नाचलो?' असं विचारलंत, लहान मुलासारखं. मग मला सांगवेना. पुढे सगळेच सांगायला लागले. मग आणखीच सांगवेना."

"सगळे म्हणजे किती जणांना माहीत आहे?"

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर आल्यावर सोडून दिलं. ते उत्तर पुरेसं होतं.

घड्याळजी स्टुलावर बसले. चड्डीतून पाणी टपकत होतं. दारू कुणी प्यायली, डोकं कुणाचं फुटलं, हे एक झालं. पण कुणाला गोत्यात घालायचं हे ठरवायला घरची माणसं बसली, आणि कुणाला कशाचीही भीती न वाटता बोट सरळ त्यांच्यावर आलं. का, तर हा काही बोलणार नाही. वीस वर्षं ते गप्प बसून ऐकत आले, त्याचा अर्थ घरात असा लावला गेला होता.

"एक सांगू?" ते थोड्या वेळाने म्हणाले. "मला तो नाच आवडायला लागला होता. म्हणजे, माझ्यात तेवढं काहीतरी आहे असं वाटायचं. तोही त्यांनीच बनवलेला निघाला."

बायकोने टॉवेल आणून दिला. त्यांनी घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

बुधवारी कप्तान दुकानात आले. हातात मनगटी घड्याळ होतं, त्याला काहीही झालेलं नव्हतं. काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "हे बघ, मी ते बंद केलंय. तुझ्या ताईच्या गळ्याची शपथ. आता रविवारच्या वर्गाचं. जे झालं ते झालं, पण तुझ्या गोष्टीचा लोकांना उपयोग होतो. दहा महिन्यांत क्लबात एक अपघात नाही. कुणामुळे? तुझ्या टाक्यांमुळे. खरं काय नि खोटं काय, माणसं सावध झाली ना?"

घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून काढलं नाही.

"मग येतोस ना?"

घड्याळजी बोलले नाहीत. कप्तानांनी तो होकार धरला. आजवर तो होकारच असायचा.

रविवारी सकाळी बायको म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर." ती आजवर एकदाही क्लबात गेली नव्हती, पाण्याच्या वासानेही तिला मळमळायचं. घड्याळजींनी टोपी घातली आणि निघाले. ती चपला घालून दोन पावलं मागून चालत राहिली.

क्लबच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीसेक नवे सभासद. फळ्यावर होडीचं चित्र. चिटणीस दाराशी हजेरी घेत उभे. कप्तान रंगात आले होते. दारू प्यायली की डोळ्याला अंतर कसं चुकीचं दिसतं, ऊन आणि वारा यांत एक पेग दोनचं काम कसा करतो, पाण्यात पडल्यावर अंग किती लवकर गार पडतं, सगळं त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, हेच घड्याळजींना पहिल्या रांगेत बसून सहन होत नव्हतं.

"आणि आता," कप्तान म्हणाले, "आपले नृत्यविशारद."

लोक आधीच हसायला लागले. घड्याळजी पुढे गेले. सवयीने टोपी काढली.

"मी नाचलो नव्हतो," ते म्हणाले.

मोठा हशा झाला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. घड्याळजी हशा ओसरेपर्यंत थांबले. त्यांना थांबता यायचं; त्यांच्या धंद्यात दुसरं असतं काय.

"सुकाणू यांच्याकडे होतं आणि दारूही यांनीच प्यायली होती. थर्मासातून. काठ जवळ आला होता, तो दाखवायला मी उभा राहिलो. यांनी हाक न देता होडी फिरवली. मला यातलं काही आठवत नाही. मागच्या रविवारी यांनी स्वतः सांगितलं. खोटं असेल तर ते इथेच उभे आहेत."

आता कुणी हसलं नाही. चिटणीस म्हणाले, "कप्तान?"

कप्तानांनी मार्करचं टोपण लावलं. काढलं. मग खालच्या, मायेच्या आवाजात चिटणिसांना म्हणाले, "याच्या डोक्याला मार लागलाय हो. तेव्हापासून अधूनमधून असं होतं. आम्ही घरचे सांभाळून घेतो."

चिटणिसांनी घड्याळजींकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या बाईंनीही पाहिलं. ती नजर त्यांनी दवाखान्यात, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे लोक बघायचे तेव्हा पाहिलेली होती. हातातली टोपी गोल फिरत राहिली.

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मार लागलाय, डोकं नाही फिरलेलं," त्यांची बायको म्हणाली. पुढच्या खुर्चीची पाठ तिने धरून ठेवली होती. "मी यांची बायको. प्यायले होते ते भाऊजी, हे माझ्या बहिणीनं मला दवाखान्यात सांगितलं, त्याच दिवशी. वर्षभर मी गप्प बसले. भाऊजी, हवं तर ताईला फोन लावा. मी सगळ्यांसमोर तिच्याशी बोलते."

कप्तानांनी फोन काढला नाही. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत ते फळ्यावरच्या होडीकडे बघत राहिले. चिटणीस पुढे आले, आजचा वर्ग इथे थांबवू म्हणाले, आणि अपघातवही काढायला कपाटाकडे गेले.

घड्याळजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर पडले. बायको मागोमाग. तलावाकडचा रस्ता संपला, बाजार लागला.

"ताई आता माझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली.

"नाही बोलणार."

थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "तुमचा राग आहे अजून माझ्यावर?"

"आहे."

"किती दिवस राहील?"

घड्याळजींनी खरंच विचार केला. घड्याळ कधी मिळेल याचा ते गिऱ्हाइकाला नेहमी वार सांगत, आणि सांगितलेला वार कधी चुकवत नसत.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

ती मान हलवून "बरं" म्हणाली. रस्ता ओलांडायला गाड्या थांबायची वाट बघत दोघं कडेला उभे राहिले, मध्ये हातभर अंतर ठेवून.